मामा ‘हो’ म्हणाले, कागदावर ‘नाही’ पडलं

गेल्या महिन्यात कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात ‘पक्षाघातानंतरचं नैराश्य’ या विषयावर चर्चा होती. पुण्यात चर्चा ठेवली की दोन तट पडतात, तसे ते पडले. एका तटाचं म्हणणं असं की माणसाचा उजवा हात गेला, वाचा गेली, तो खिन्न नाही होणार तर काय नाचणार? यात आजार कुठला आला? प्रत्येक दुःखाला गोळी लावायची ही नवी खोड आहे. दुसरा तट म्हणत होता की नैराश्य हा मधुमेहासारखाच आजार आहे. लाज सोडा, डॉक्टरकडे जा, मोकळेपणाने बोला, मन हलकं करा. दीड तास टाळ्या आळीपाळीने दोन्हीकडे पडत राहिल्या. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. उजवा हात मांडीवर आणून ठेवल्यासारखा, ओठाचा एक कोपरा जरा उतरलेला. त्यांना वाचाघात आहे, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरपली आहे, हे ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण आमच्या घरात माझ्या मामांना तोच आहे. माइक फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला तेव्हा त्यांच्या पत्नीने तो पटकन घेतला. "ह्यांना बोलता येत नाही, पण तसे मजेत असतात," म्हणाल्या. माइक पुढे गेला. गृहस्थांनी डावा हात अर्धवट वर केला होता, तो खाली आला.

त्या हातापासूनच माझं म्हणणं सुरू होतं. दुःख साहजिक की आजार, हा वाद आपण ज्याच्यावरून घालतोय त्याची साक्षच काढत नाही, कारण ती काढायची रीत आपल्याला येत नाही. वाचा गेलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय हे त्याला समजेल आणि त्याला उत्तर देता येईल अशा पद्धतीने विचारावं लागतं. ही पद्धत शिकायची जबाबदारी ज्यांची वाचा शाबूत आहे त्यांची: डॉक्टरची, मुलासुनेची, बँकेत खिडकीमागे बसलेल्याची. ती कुणी घेत नाही तोवर पहिल्या तटाचा शहाणपणा आणि दुसऱ्या तटाची कळकळ सारखीच निरुपयोगी. वाचा गेलेल्याला ‘मोकळेपणाने बोला’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘जरा पर्वती चढून या, बरं वाटेल’ म्हणण्यापैकी आहे.

‘वाचाघात’ हा शब्द अजून घराघरात पोचलेला नाही. आपल्याकडे म्हणतात जीभ जड झाली, पॅरालिसिसने बोलणं गेलं. आणि मग जिभेला मधात उगाळलेलं वेखंड चोळणं सुरू होतं. आमच्या मामीनेही ते महिनाभर निष्ठेने केलं. पण मामांची जीभ ठणठणीत आहे. ते जेवतात, गिळतात, दाढेत अडकलेला शेंगदाणा जिभेने बरोबर काढतात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या बाजूला चालतो. तिथल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती फुटली, की उजव्या हातापायाबरोबर शब्दही जातात. जातात म्हणजे पुसले जातात असं नाही, पुष्कळदा त्यांच्याकडे जाणारी वाट तुटते. कुणाला सगळं कळतं पण शब्द सापडत नाही. कुणी भडाभडा बोलतो, त्याला अर्थ नसतो, आणि तो नाही हे त्याचं त्यालाच उमगत नाही. कुणाला समोरच्याचं वाक्य अर्धंच पोचतं. लिहिणं-वाचणंही त्याच वाटेवरचं, म्हणून ‘बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा’ ही युक्ती सहसा फसते. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला हे होतं. एवढं होऊनही माणसाची समज, आवडीनिवडी, मानापमान, घरात कुणाचं कुणाशी बिनसलंय याची खबर, हे बहुतेक जागच्या जागी असतं.

मामा पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, कंडक्टर होते. २००७ साली पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, तरी वाचा जाईपर्यंत त्यांच्या तोंडी पीएमटीच. झटक्यानंतर तीन आठवडे त्यांच्या तोंडून ‘अगं’ आणि एक शिवी एवढंच यायचं. एका दुपारी मी त्यांची जुनी चामडी पिशवी समोर धरली आणि सहज म्हटलं, "स्वारगेट..." मामा सुटलेच. "शनिपार, अप्पा बळवंत चौक, शनिवारवाडा, मनपा!" खणखणीत, जुन्याच हेलात. मामी पिठाचे हात घेऊन बाहेर धावली. "आता माझं नाव घ्या," म्हणाली. मामांनी तोंड उघडलं. कपाळावरची शीर फुगली. "अगं... अगं..." आणि मग ती शिवी.

यात चमत्कार काही नाही. हजारो वेळा घोकलेली साखळी, एक ते दहा आकडे, आरती, रामरक्षा, शिव्या, हे सगळं ठरवून बोललेल्या वाक्याच्या वाटेने येत नाही, म्हणून पुष्कळदा वाचतं. पण घरात त्या दिवशी निष्कर्ष निघाला तो वेगळाच: "म्हणजे येतं की त्यांना! मनावर घेत नाहीत." तिथपासून मामांवर आळशीपणाचा आरोप आला. पाण्याचा पेला हातात धरून मुलगा म्हणायचा, "बाबा, ‘पाणी’ म्हणा, मग देतो." प्रेमानेच म्हणायचा. बासष्ट वर्षांच्या माणसाला, ज्याने उभ्या आयुष्यात गच्च भरलेल्या बसमध्ये कुणाचं एका पैशाचं चुकू दिलं नाही, त्याला तहान लागलेली असताना परीक्षा द्यावी लागते. मन कशाने बिघडतं याचा शोध घ्यायला लांब कशाला जायला हवं?

चौथ्या महिन्यात मामांनी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलाकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. दाढी करू देईनात. टीव्हीवर क्रिकेट चालू आणि यांचं तोंड भिंतीकडे. म्हणून त्यांना एका मोठ्या रुग्णालयात दाखवायला नेलं. टेबलापलीकडच्या तरुण मुलीच्या आवाजात खरोखर आस्था होती. तिने छापील कागद पुढे ओढला. "आजोबा, गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का?" मामा म्हणाले, "हो." "कशातच रस वाटत नाही असं झालं का?" "हो." "झोप नीट लागते?" "हो." "भूक?" "हो." माझा मामेभाऊ म्हणाला, "मॅडम, ते सगळ्यालाच हो म्हणतात. तसं काही नाही, घरी व्यवस्थित आहेत." पहिल्या दोन प्रश्नांपुढची खूण ‘नाही’च्या चौकटीत पडली. मामांनी ती पडताना पाहिली.

आता न्यायाने पाहू. मामेभाऊ खोटं बोलला नव्हता. वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल होते, मान हलवतानाही होते. मामांचा ‘हो’ हा पुरावा म्हणून कच्चा आहे, कबूल. पण कच्च्या ‘हो’तून पक्का ‘नाही’ कसा निघाला? साक्षीदाराची भाषा कळत नाही म्हणून न्यायाधीशाने निकाल उलटा लिहावा, तशातली ही गत. दुभाषा आणायचं कुणाच्या मनात आलं नाही. आणि या बाबतीत दुभाषे आहेत. उभ्या रेघेच्या एका टोकाला हसरा आणि दुसऱ्या टोकाला रडवेला चेहरा काढून बोट ठेवायला सांगता येतं. तोच प्रश्न उलटा विचारून उत्तर ताडून पाहता येतं. नॉटिंगहॅममध्ये १९९८ साली खास वाचाघात झालेल्यांसाठी एक प्रश्नावली तयार झाली, तिची उत्तरं रुग्णाने द्यायचीच नाहीत. शेजारी असणाऱ्याने गेल्या आठवड्यात काय पाहिलं ते सांगायचं. रात्री तळमळतात का, डोळ्याला डोळा देणं टाळतात का, विनोदाला हसतात का. हे मराठीत करायला किती खर्च येईल?

अडचण एका टेबलापुरती असती तर मी हा लेख लिहिला नसता. पक्षाघातानंतर कधी ना कधी नैराश्य येणाऱ्यांचं प्रमाण साधारण तिघांत एक असं सांगतात. पण हे आकडे ज्या अभ्यासांतून आले, त्यांतल्या पुष्कळांनी वाचाघात असलेल्यांना सुरुवातीलाच वगळलं होतं. कारण सरळ आहे: प्रश्नावली शब्दांची, आणि यांच्याकडे शब्द नाहीत. ज्यांना नैराश्याचा धोका अधिक, तेच मोजणीबाहेर. आणि जिथे यांना मोजलं गेलं तिथे प्रमाण अधिकच दिसलं आहे. शिरगणतीला गेलेल्याने दार उघडलं नाही तेवढी घरं रिकामी धरावीत, तसा हा हिशेब.

हे आजचंही नाही. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा एक रुग्ण वारला. तो एकवीस वर्षं तिथे होता आणि त्याला एकच अक्षर बोलता येई: ‘तां’. दोनदा म्हणायचा, ‘तां तां’. लोकांनी नावही तेच पाडलं. पॉल ब्रोका या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला, डाव्या कपाळामागची इजा दाखवली, आणि मेंदूत भाषेला जागा आहे हे शास्त्र मान्य करू लागलं. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपते. पण ब्रोकाच्याच टिपणात पुढचंही आहे. हा माणूस हाताच्या खुणांनी पुष्कळ काही सांगायचा, आकडे बोटांवर दाखवायचा; समोरच्याला कळलं नाही की संतापायचा, आणि त्या संतापात देवाच्या नावाची एक अख्खी शिवी त्याच्या तोंडून बाहेर पडायची. वॉर्डातले इतर रुग्ण त्याला स्वार्थी, खुनशी, कुणी तर चोर म्हणत. एकवीस वर्षांत त्याचा संताप हा दुःखाचा प्रकार असू शकेल असं कुणाला वाटल्याची नोंद नाही. त्याचा मेंदू जपून संग्रहालयात ठेवला आहे. मामांच्या ‘अगं’नंतरची शिवी ऐकली की मला तो आठवतो.

आता पहिल्या तटाचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे, आणि ते थोडंथोडकं नाही. वाचा जाणं हा शोकच आहे. शोकाला वेळ लागतो, आणि प्रत्येक शोकाला रोगाचं लेबल चिकटवलं तर डॉक्टरांची सोय होते, माणसाची नाही. दुसरं, पक्षाघातानंतरचं प्रत्येक रडणं हे नैराश्य नसतं. मेंदूचा भावनांवरचा लगाम सुटल्यामुळे काहींना जरा नातवाचं नाव काढलं की हुंदका येतो, मिनिटभरात थांबतो, आणि त्या वेळी आत फारसं दुःख नसतं. काहींना असं हसू येतं, तेही भलत्या ठिकाणी, अगदी तेराव्याच्या पंगतीत. त्यावर निराळे उपाय आहेत, पण त्याला नैराश्य समजणं चूक. तिसरं, गोळ्या निरुपद्रवी नाहीत. ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक पक्षाघात रुग्णांना सहा महिने फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी देऊन पाहिली, निष्कर्ष २०१८ साली आले. औषधाने हातापायांची, कामकाजाची सुधारणा वाढली नाही. नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण कमी झालं, पण हाडं मोडण्याचं वाढलं. आधीच तोल गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ही लहान बाब नाही. तेव्हा ‘लगेच गोळी नको’ म्हणणारे अडाणी आहेत असं समजण्याचं कारण नाही.

पण ‘साहजिक आहे’ यातून ‘म्हणून काही करायला नको’ हे कसं निघतं? बाळंतपण साहजिकच असतं, म्हणून सुईण नको का? या नैराश्याचं मूळ मेंदूच्या जखमेत की परिस्थितीत, यावर तज्ज्ञांनीही वर्षानुवर्षं डोकी झिजवली. डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की नैराश्य अधिक, असा सिद्धांत १९८०च्या दशकात जोरात होता; २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा त्याला आधार सापडला नाही. मूळ कुठलंही असो, भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस व्यायाम करत नाही, व्यायाम न केलेला हात आखडतो, आखडलेला हात दुखतो, आणि दुखणारा माणूस पुन्हा भिंतीकडे वळतो. हे चक्र ‘साहजिक’ म्हणून बघत बसायचं असेल तर त्याला संयम म्हणू नये. इथे मधली वाटही आहे, आणि दोन्ही तटांना ती माहीत नव्हती. ब्रिटनमध्येच शंभरेक वाचाघात रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला: बोलण्यावर भर न देता, माणसाला पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी हळूहळू पुन्हा त्याच्या दिवसात आणायच्या, चित्रांची आणि खुणांची मदत घ्यायची. त्याने मनःस्थिती सुधारली. मानसोपचार म्हणजे फक्त गप्पा, हा समज आपलाच तोकडा.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा, आणि त्याला मी जास्त भितो, कारण तो खरा आहे. हडपसरहून रिक्षा करायची, एकाने रजा टाकायची, पाऊण तास स्पीच थेरपी, पुन्हा रिक्षा. शिकवणारी माणसं मुळात थोडी. पुण्यात भारती विद्यापीठात या विषयाचं शिक्षण मिळतं, मुंबईला अलियावर जंग संस्था आहे, म्हैसूरची संस्था तर १९६५ पासूनची. पण एवढ्या मोठ्या राज्याला ते पुरतं असं कुणी म्हणणार नाही. बहुतेक आरोग्यविमा भरती होण्याभोवती रचलेला. घरी आल्यावर महिनोन्महिने चालणाऱ्या उपचाराला त्यात फारशी जागा नसते. मग घरात हिशेब होतो: आधी चालू दे, मग बोलण्याचं बघू. आणि त्या हिशेबाला आधार म्हणून एक वाक्य सगळीकडे फिरतं, "सहा महिन्यांत आलं तर आलं, नंतर काही होत नाही." हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या लोकांनी ऐकवलं, त्यांतला एक रिक्षावाला होता. ते चूक आहे. २०१६ साली ५७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात स्पीच थेरपीचा उपयोग होतो असं दिसलं. जर्मनीत १५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर सगळेच झटक्याला सहा महिने उलटून गेलेले होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास कसून उपचार, आणि रोजच्या बोलण्यात फरक पडला. सुरुवातीचे महिने सुगीचे, हे खरं. पण सुगी संपली म्हणून कुणी जमीन विकत नाही.

आता म्हणाल, आठवड्याला दहा तास कुठून आणायचे? नाही आणता येणार, बहुतेकांना. म्हणूनच मी थेरपीच्या तासांपेक्षा उरलेल्या तासांबद्दल बोलतोय. टोरांटोमध्ये काही दशकांपासून एक साधं तत्त्व राबवलं जातं: वाचाघात झालेल्याला सुधारण्याबरोबरच त्याच्याशी बोलणाऱ्याला शिकवायचं. समोर कागद आणि जाड पेन. एका वेळी एकच गोष्ट विचारायची. मुख्य शब्द मोठ्या अक्षरात लिहायचा, हाताने दाखवायचं, चित्र काढायचं, उत्तर आलं की ‘म्हणजे असं का?’ करून खात्री करायची. आणि त्याला सांगायचं की तुला कळतंय हे मला माहीत आहे. सगळ्यात अवघड म्हणजे थांबायचं. मी घड्याळ लावून पाहिलं: मामांना एक शब्द सापडायला कधी पंधरा, कधी वीस सेकंद लागतात. आमच्या घरात कुणी तीन सेकंदांपलीकडे थांबत नाही. पुण्यात तर माणूस श्वास घ्यायला थांबला तरी दुसरा वाक्य पूर्ण करून देतो.

हे गमतीने म्हटलं, पण त्यात मोठा भाग आहे. हे शहर माणूस बोलण्यावरून तोलतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आपण अभिमानाने सांगतो. तिरकस उत्तर हीच इथली हुशारी. अशा गावात ज्याचा शब्द अडकला तो मंदच ठरतो. शब्द तरी कुणाचे? आमच्याकडे थेरपीची चित्रं आणली, त्यातल्या एका चित्रावर मामा महत्प्रयासाने "ढो... ढोबळी" म्हणाले, आणि मागे छापलं होतं ‘भोपळी मिरची’, म्हणून मामेबहिणीने मान हलवली. मुंबईच्या मिरचीने पुण्याच्या माणसाला नापास केलं! त्या आठवड्यात त्यांनी पुन्हा चित्रांना हात लावला नाही.

"आमच्याकडे माणूस एकटा पडत नाही, परदेशासारखं नाही," असं त्या चर्चेत एक बाई म्हणाल्या, आणि जोरदार टाळ्या पडल्या. खरंही आहे. मामांना दोन वेळचं गरम जेवण, अंघोळ, औषधं, सगळं माणसांच्या हातून मिळतं. पण घर भरलेलं असूनही माणूस एकटा असू शकतो, याला पुरावा काय लागतो? घरात सहा माणसं, आणि सहाही जण त्यांच्याबद्दल त्यांच्यादेखत बोलतात. ‘ह्यांना भात नको, त्यांना बसवा, ते चिडलेत.’ ‘मुकी बिचारी कुणीही हाका’ ही म्हण आपण गुराढोरांवरून केली, पण वापरतो माणसांवर. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला होता, त्यात ‘नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण’ असं आहे. तिथलं मुकेपण समाजाने लादलेलं होतं, इथलं रक्ताच्या गुठळीने. दोन्ही एक नव्हेत. पण मुक्याच्या वतीने बोलणारे फार झाले की मुक्याचं म्हणणं मागे पडतं, हे दोन्हीकडे सारखं.

आणि याच्या उलट टोकाचाही धडा इतिहासात आहे. १८८० साली मिलान शहरात मूकबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि ठराव झाला की मुलांना तोंडानेच बोलायला शिकवावं, खुणांची भाषा वर्गाबाहेर काढावी. ठराव करणाऱ्यांत जवळजवळ सगळे ऐकू येणारे. हेतू चांगलाच होता: मुलं जगात मिसळावीत. पुढे अनेक पिढ्यांचे हात बांधले गेले, आणि व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं. ‘पाणी म्हणा, मग देतो’ हा आमच्या घरातला छोटा मिलानच आहे. बोट दाखवणं, चित्र काढणं, खूण करणं याने ‘बोलण्याची सवय मोडेल’ अशी भीती घरोघर असते. तहानलेल्याला पाणी मागता आलं पाहिजे, ते कुठल्या रस्त्याने मागितलं हा नंतरचा प्रश्न.

गंमत म्हणजे आपला कायदा आपल्या घरांपेक्षा पुढे आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात वाचा आणि भाषेच्या अपंगत्वाची व्याख्या करताना वाचाघाताचा नाव घेऊन उल्लेख आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की उपचारांबद्दलचा निर्णय माणूस बोलून, हावभावाने, खुणेने किंवा आणखी कुठल्याही मार्गाने कळवू शकतो, आणि त्याला माहिती द्यायची तीही त्याला कळेल अशा सोप्या भाषेत, चित्रांच्या साहाय्याने. त्याच कायद्याचं २१वं कलम मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवा म्हणतं, विमा कंपन्यांनासुद्धा. म्हणजे रेघेवरचे ते दोन चेहरे ही कुणाची मेहेरबानी नाही. हयातीच्या दाखल्यासाठी मामांना बँकेत नेलं तेव्हा खिडकीतून प्रश्न आला, "ह्यांचं डोकं ठीक आहे ना?" प्रश्न मला विचारला होता. मी कायद्याचं कलम सांगायला हवं होतं, त्याऐवजी "हो हो" म्हणालो. बहुधा मलाही त्या वेळी हो-नाहीची अदलाबदल झाली असावी.

करायचं काय, याची माझी मागणी फार मोठी नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर घरच्यांना अर्धा तास बोलण्याची रीत शिकवावी, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत मनाची विचारपूस शब्दांवाचून करावी. मराठीतली चित्रं, चेहऱ्यांची रेघ, पाहून भरायची प्रश्नावली, हे एखाद्या महाविद्यालयाने मनावर घेतलं तर वर्षभराचं काम आहे. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांनी आणि घरच्यांनी मित्रमंडळ उभं करून दाखवलंय; वाचाघातवाल्यांचं उभं राहायला अडचण एवढीच की त्यांना सभेत बोलता येत नाही, आणि सभा बोलणाऱ्यांचीच असते हे आपण धरूनच चालतो. स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० साली पक्षाघात झाला, वाचा जवळजवळ गेली. २०११ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले. मामांना नोबेल मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्या कवीभोवतीच्या माणसांनी त्याचं बोलणं गेलं म्हणजे म्हणणं संपलं असं धरलं नाही, एवढं तरी उसनं घेता येईल.

परवा रविवारी मी मामांकडे गेलो. वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर मोठ्या अक्षरात चार शब्द लिहिले: कंटाळा, राग, दुखतंय, भीती. एकेक वाचून दाखवला आणि पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. वीस सेकंद गेले असतील. पेनाचं टोक ‘भीती’वर टेकलं. खात्री करायला मी क्रम बदलून पुन्हा लिहिलं, पुन्हा तिथेच. मग खाली लिहिलं: पडण्याची, पुन्हा झटक्याची, पैशांची. मामांनी तिन्हींवर एक आडवी रेघ ओढली, पेन टाकलं आणि डाव्या हाताने स्वयंपाकघराकडे दाखवलं. मी लिहिलं, ‘मामी?’ त्यांनी मान हलवली. मान हलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून मी लिहिलं, ‘मामी आधी गेली तर?’

मामांनी माझा हात धरला. आत मामी पोळ्या लाटत होती, तिला कळू नये म्हणून मी रेडिओ लावला.